नुसती मदत

आमच्या रुग्णवाहिका सेवेत माणसाची लायकी बाहीवर शिवलेली असते. एक पट्टी म्हणजे प्राथमिक, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे उच्च. एक पट्टीवाल्याने रक्त थांबवायचं, मोडलेलं हाड बांधायचं, ऑक्सिजन लावायचा, हृदय बंद पडलं तर छाती दाबत राहायचं. सुई दिसली की हात मागे. दोन पट्टीवाल्याने शिरेत सलाइन लावायचं, बोटाला टोचून साखर बघायची, ठरवून दिलेली मोजकी इंजेक्शनं द्यायची. तीन पट्टीवाल्याने श्वासनलिकेत नळी घालायची, हृदयाची औषधं द्यायची आणि उरलेल्यांकडे नाक वर करून बघायचं. हे शेवटचं नियमात नाही, पण सगळ्यांत मन लावून पाळलं जातं ते तेच.

मी दोन पट्टीवाली होते. मग वरून नवीन अभ्यासक्रम आला आणि जुनी दुसरी पायरी म्हणजे नवी पहिली, असं ठरलं. झोपले तेव्हा दोन पट्ट्या होत्या, उठले तर एकच. हात तेच, डोकं तेच, पण काल ज्या शिरेत सहज सुई घातली तिच्याकडे आज नुसतं बघायचं. पट्टी परत हवी तर नवी परीक्षा द्या म्हणाले. आमच्या शेजारची शाळकरी मुलगी आपल्या आजीच्या बोटाला टोचून साखर बघते आणि मग गृहपाठाला बसते. मला मात्र गणवेश चढवला की ते करता येत नाही. गणवेश उतरवला की येतं. एवढी जादू असलेलं कापड आणि धुतलं की रंग जातो.

या सगळ्याचे कर्तेकरविते म्हणजे प्रशिक्षण विभागाचे साहेब. त्यांना आम्ही 'परिशिष्ट' म्हणतो, कारण त्यांना काहीही विचारा, उत्तर कुठल्या तरी परिशिष्टात असतं. मी एकदा वर्गात हात वर करून विचारलं, "साहेब, माणूस समोर मरत असेल तर?"

"मरणं परिशिष्ट तीनमध्ये येतं," ते म्हणाले. "तुम्ही एक पट्टीवाल्या, आपलं परिशिष्ट एक बघा."

त्या परिशिष्ट एकच्या तळाशी एक ओळ आहे, आणि ही सगळी कहाणी त्या ओळीची आहे. 'रुग्णास त्याचे स्वतःचे, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध घेण्यास मदत करणे.' देणे नाही. मदत करणे. हा फरक समजावायला साहेबांनी आख्खा तास घेतला होता. फळ्यावर हात काढला होता, तो भेंडीसारखा दिसत होता. रुग्णाने औषध स्वतः धरायचं, आपण त्याच्या मनगटाला आधार द्यायचा. "मनगटापर्यंत मदत," साहेब खडू आपटत म्हणाले, "मनगटाच्या पुढे गेलात की ते देणं. आणि देणं तुम्हाला नाही!"

आता या 'मदत' शब्दाशी माझं जुनं वैर आहे. त्याला कारण माझ्या सासूबाई.

सासूबाई मनाने वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते खरं वाटणार नाही. पण श्रेय हा त्यांचा जीव की प्राण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून स्वयंपाक मी करते आणि पाहुणे आले की त्या सांगतात, "सगळं मीच केलं हो, हिने नुसती मदत केली." नवऱ्याचा स्वेटर त्यांनी बाह्यांपर्यंत विणून सोडून दिला, उरलेला मी विणला. तो अजूनही 'आईने विणलेला स्वेटर' आहे. माझ्या मुलीच्या जन्माची हकीगत त्या शेजारणींना सांगतात तेव्हा मला कधी कधी शंका येते की तिथेही मी नुसती मदतच केली असणार. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "जाऊ दे गं, शब्दच आहे तो." शब्दच आहे म्हणे! रोज एक खडा चावायला लागला की कळतं, शब्द म्हणजे काय.

तर त्या दिवशी सकाळी फोन आला. नदीकाठच्या बागेत म्हाताऱ्या मंडळींचा गट व्यायामाला जमतो, तिथे एका बाईंना गांधीलमाशी चावली होती आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. गाडीत मी आणि ड्रायव्हरकाका. ड्रायव्हरकाकांना पट्टीच नाही, त्यांनी गाडी चालवायची आणि स्ट्रेचरचं एक टोक धरायचं. तीन पट्टीवाली गाडी कुठे आहे म्हणून मी नियंत्रण कक्षाला विचारलं. कळलं की तिचे लोक 'मदत लवकर कशी पोहोचवावी' या विषयावरच्या परिसंवादाला गेले आहेत आणि मधली सुटी झाल्याशिवाय निघता येणार नाही.

बागेत बाकाभोवती घोळका होता. मी लोकांना बाजूला सारलं तर बाकावर सासूबाई.

ओठ सुजून उलटे झाले होते, डोळे मिटत चालले होते, मानेवर लाल चट्टे, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज. ज्या बाईला मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं तिला एक शब्द बोलता येत नव्हता. त्यांना गांधीलमाशीचं वावडं आहे हे घरात सगळ्यांना माहीत. डॉक्टरांनी त्यासाठी पेनासारखं इंजेक्शन लिहून दिलेलं, ते कायम पर्समध्ये असायचं. मी पर्स उलटी केली. खोकल्याच्या गोळ्या, सुईदोरा, तीन चष्मे, कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका आणि सगळ्यांच्या तळाशी पेन.

पेनाची टोपी काढली. "आई, धरा," म्हटलं. त्यांच्या मुठीत पेन दिलं, मनगटाला आधार दिला, परिशिष्ट एकप्रमाणे. मूठ उघडली आणि पेन मांडीवरून घरंगळलं. पुन्हा दिलं, पुन्हा घरंगळलं. डोळे मिटले होते.

ड्रायव्हरकाका माझ्या कानाशी ओरडले, "ताई, जॅकेट काढा! जॅकेट काढलं की तुम्ही सून! सुनेला कोण अडवतंय?"

कल्पना फार हुशारीची होती, पण जॅकेटची चेन कायमची अडकलेली होती. ती दुरुस्त करून द्या असा अर्ज मी दिलेला होता. मी सासूबाईंची मूठ पेनाभोवती वळवली, त्या मुठीवर माझी मूठ घट्ट आवळली आणि सगळी ताकद लावून त्यांच्या मांडीवर दाबली. खटकन आवाज झाला. मी हात तसाच धरून ठेवला. मग ऑक्सिजन लावला, पाय उंच केले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. एवढी वाट मी कशाचीच बघितलेली नाही. बऱ्याच वेळाने ती शिट्टी जरा खाली आली. मग त्यांनी एक डोळा किलकिला केला, मला बघितलं आणि पुटपुटल्या, "पर्स कोणी उलटी केली?"

मी तिथेच रडायला लागले. लाज वाटली नाही.

त्यांना रुग्णालयात पोहोचवून मी केंद्रावर आले आणि नोंद लिहायला बसले. 'रुग्णास तिचे स्वतःचे इंजेक्शन घेण्यास मदत केली', एवढं लिहायचं होतं. सगळे तसंच लिहितात. माझं पेन 'मदत'पाशी आलं आणि अडलं. मूठ आवळून बोटं अजून दुखत होती, आणि मी ही 'मदत' केली? इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता माझ्याच हाताने लिहू? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रुग्णास इंजेक्शन दिले.' खाली सही केली. फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. लगेचच परिशिष्ट साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही 'दिले' असं लिहिलंय," ते म्हणाले, जणू मी शिवी लिहिली होती.

"हो साहेब."

"'मदत केली' लिहिलं असतंत तर प्रश्नच नव्हता!"

"मग खोडून लिहू का?"

"खोडाखोड परिशिष्ट पाचमध्ये येते. ती अजून गंभीर आहे."

चौकशी नेमली गेली. दोषी ठरले तर परीक्षेला बसता येणार नाही आणि अंगावरची उरलेली एक पट्टीही जाईल. साहेबांनी मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं की एकच वाट आहे. शुद्धीत असलेल्या रुग्णाने समोर येऊन सांगितलं की औषध मी माझ्या हाताने घेतलं आणि हिने मदत केली, तर 'दिले' ही भाषेची चूक धरता येईल.

मला हसू यायला लागलं. सासूबाईंनी म्हणावं की मीच केलं, हिने नुसती मदत केली! अहो, यासाठी साक्षीला बोलवायचीही गरज नाही, त्या झोपेतही म्हणतील.

पण घरी आले तर चित्र उलटं. सासूबाई रुग्णालयातून आल्या त्या बदलूनच. दारात शेजारीण, फोनवर मावशी, खाली दुकानदार, सगळ्यांना एकच ऐकवत होत्या. "माझ्या सुनेने वाचवलं हो मला! मी तर गेलेच होते. सगळं हिनेच केलं." मी आत ओट्याशी उभी राहून ऐकत होते. इतक्या वर्षांनी ते कानावर पडत होतं आणि माझं मन अगदी भरून येत होतं, आणि त्याच वेळी प्रत्येक वाक्यागणिक माझी नोकरी एकेक इंच सरकत होती. दुकानदाराची मेव्हणी आमच्याच कार्यालयात आहे.

नवरा म्हणाला, "तूच बोल आईशी. मी बोललो तर ती रडेल." हा माणूस गेली कित्येक वर्षं याच कारणाने कुणाशीच बोललेला नाही.

सासूबाई टेबलाशी शेंगा निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, मनगट, परिशिष्ट, 'दिले'.

"म्हणजे मी काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही स्वतः घेतलंत. मी नुसती मदत केली."

"अगं पण मला तर इंजेक्शनचं काहीच आठवत नाही. माझा हात माझा नव्हता. तू केलंस ते सगळं."

"हो, आई. पण तसं म्हणायचं नाही."

"खोटं बोलू? या वयात?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं की इतकी वर्षं काय करत होतात. पण मी जीभ चावली. त्यांच्या ओठांवरची सूज अजून पुरती उतरली नव्हती.

"त्या बाकावर मला वाटलं, झालं आपलं," त्या शेंगेकडे बघत म्हणाल्या. "आणि मनात काय आलं माहितेय? या मुलीला कधी चांगलं म्हटलं नाही आपण. आता म्हणतेय, तर तुझे साहेब नको म्हणतात." मग त्या पुन्हा शेंगा निवडू लागल्या. येतील की नाही, आल्या तर काय बोलतील, काही कळायला मार्ग नव्हता. मी परीक्षेची पुस्तकं उघडली आणि त्याच पानाकडे बघत राहिले.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि टेबलाला शोभेसं मौन. मधोमध परिशिष्ट साहेब, एका बाजूला आस्थापना विभागाचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "पेशंट वाचली ना? मग आपण कशासाठी जमलोय?"

"पेशंट वाचणं हा या चौकशीचा विषय नाही," साहेब म्हणाले. आस्थापनावाल्यांनी ते लिहून घेतलं.

मग विचारलं की तेव्हा जॅकेट अंगावर होतं का. मी म्हटलं होतं. चेन लावलेली होती का. होती. म्हणजे पूर्ण गणवेशात? मी म्हटलं, चेन अडकली होती, अर्ज दिलाय. अर्ज कुठल्या विभागाकडे, यावर त्यांचा आपापसांत बराच खल झाला. तो अर्ज आस्थापनावाल्यांच्याच टेबलावर निघाला.

मग सासूबाईंना बोलावलं. ठेवणीतले कपडे, केस चापून बसवलेले, आणि तीच पर्स छातीशी धरलेली. खुर्चीवर बसल्या, खुर्ची डुगडुगली, तर साहेबांनाच म्हणाल्या, "एवढं मोठं ऑफिस आणि एक खुर्ची सरळ नाही?"

"आजी," साहेब म्हणाले, "इंजेक्शन तुम्हाला कोणी दिलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. आता म्हणणार. आता सगळ्यांसमोर म्हणणार, माझ्या सुनेने. आणि खरं सांगते, अर्ध्या मनाने मला ते हवंही होतं. गेली पट्टी तर गेली, एकदा तरी भर सभेत ऐकू दे, असं वाटलं.

सासूबाईंनी मान ताठ केली.

"कोणी देईल कशाला?" त्या कडाडल्या. "मला काय हात नाहीत? मीच घेतलं! हिला काय येतंय त्यातलं? हिने आपली नुसती मदत केली."

हे त्या ज्या ठसक्यात म्हणाल्या तो वर्षानुवर्षांचा सराव होता. आस्थापनावाल्यांनी तर मान डोलावून मला सहानुभूतीच दाखवली.

"पण तुमची शुद्ध..." साहेब म्हणाले.

"लग्न झाल्यापासून माझी शुद्ध एकदाही हरपलेली नाही. हरपून चालणार होतं का?"

"आणि हाताची पकड? या वयात, त्या अवस्थेत... जरा दाखवता? हे बॉलपेन घ्या. तुमच्या सुनेने मनगटाला आधार दिला होता, तसाच..."

"तिला कशाला बोलावताय? मी दाखवते की." सासूबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून साहेबांपाशी गेल्या, बॉलपेन मुठीत धरलं आणि खट्कन साहेबांच्या मांडीवर मारलं.

"आई गं!" परिशिष्ट साहेब किंचाळले.

"आणि असं धरून ठेवायचं," सासूबाई म्हणाल्या. "हलायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून काहीतरी पडलेलं शोधायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते. पकडीबद्दल समितीचं समाधान झालं. साहेबांच्या पँटवर शाईचा निळा डाग पसरत होता. त्याला कापूस लावू का, असं मी विचारलं. ते परिशिष्ट एकमध्ये बसतं.

निकाल असा लागला की 'दिले' हे 'घेण्यास मदत केली' असं वाचावं. मला समज देण्यात आली. शिवाय सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 'क्रियापदांचा जबाबदार वापर' अशी कार्यशाळा ठेवली गेली. त्यासाठी तीन पट्टीवाली गाडी पुन्हा रस्त्यावरून काढून घ्यावी लागली. आणि स्वतःचं औषध स्वतः धीराने घेणारी जागरूक रुग्ण म्हणून सासूबाईंना सेवेतर्फे प्रशस्तिपत्रक मिळालं. ते चौकटीत घालून आमच्या बैठकीच्या खोलीत लावलं आहे, माझ्या लग्नाच्या फोटोच्या वर.

चौकशीनंतर बाहेर जिन्यात सासूबाई एकदम थांबल्या. त्यांनी कठडा धरला होता आणि तो हात थरथर कापत होता. एवढा वेळ तो कुठे लपवला होता कोण जाणे.

"बरोबर म्हटलं ना मी?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर, आई."

"जिवावर आलं होतं गं माझ्या," त्या म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून उतरायला लागल्या. मी मनगटाला आधार दिला. मग मनगट सोडून सगळा हातच हातात घेतला.

पुढे मी परीक्षा दिली आणि पट्टी परत आली. ज्या दिवशी ती बाहीवर शिवली त्या दिवशी नणंद जेवायला आली. मी उशिरा घरी आले, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाक आटोपला होता. सगळा त्यांनी एकटीने, माझ्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. भाज्या, भात, सगळं. मी ताटं मांडली, तेवढीच.

नणंदेने पहिला घास घेतला तोच सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, "सगळं हिनेच केलंय हं. मी आपली नुसती मदत केली."

माझा हात ताटावर थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भात कालवत होत्या, मान वर करायला तयार नव्हत्या, पण कान माझ्याकडे होते. मला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी घाईने भाजीचा मोठा घास तोंडात घातला.

मीठ दुप्पट पडलं होतं. अगदी कडूजहर.

नणंदेने पाण्याचा पेला रिकामा केला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "वहिनी, भाजीत मीठ..."

सासूबाईंचा कालवता हात थांबला.

"हो गं," मी म्हटलं. "जरा जास्तच पडलं माझ्याकडून."